जुन्या आवृत्त्यांचे दप्तर: जागा वाचते, इतिहास टिकतो

- विशेष प्रतिनिधी

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदपत्रांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. कागद सुटे ठेवले तर जागा अधिक लागते, ते गहाळ होतात आणि हवा तो कागद वेळेवर सापडत नाही. म्हणून ते एकत्र बांधायचे आणि कोणत्या रुमालात काय आहे याची सूची वेगळी ठेवायची, ही दप्तरखान्याची जुनी रीत. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनाही आज नेमकी हीच रीत पाळावी लागते. फरक इतकाच, की त्यांचे कागद संगणकाच्या डिस्कवर असतात आणि बांधाबांधीचे काम संगणकच करतो.

हे काम दिसायला किरकोळ, पण त्यावर बरेच काही अवलंबून असते. ते वेळेवर झाले नाही तर कंपनीचा सर्व्हर मंदावतो आणि नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याचा पहिला दिवस नुसती प्रत उतरवून घेण्यात जातो. उलट, ते अविचाराने केले तर एखाद्याचे आठवडाभराचे काम कायमचे नाहीसे होऊ शकते. हिंजवडीपासून पवईपर्यंत सॉफ्टवेअर उद्योगातील हजारो मंडळी रोज जी प्रणाली वापरतात, तिच्या पोटात ही व्यवस्था कशी चालते, हे म्हणूनच समजून घेण्यासारखे आहे.

प्रत्येक बदलाची नोंद

बँकेचे व्यवहार असोत की रेल्वेचे आरक्षण, त्यामागची आज्ञावली एकटा माणूस लिहीत नाही. अनेक जण एकाच वेळी तीत बदल करतात. कोणी, कधी, कोणता बदल केला आणि त्याआधी तेथे काय होते, याची नोंद ठेवणाऱ्या साधनांना 'व्हर्जन कंट्रोल' म्हणतात. आपण त्याला आवृत्ती-नियंत्रण म्हणू. ज्या ठिकाणी हा सारा इतिहास साठतो, त्या भांडाराला 'रिपॉझिटरी' असे नाव आहे.

या साधनांचा इतिहास अर्धशतकाहून जुना आहे. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये 'एससीसीएस' ही प्रणाली तयार केली. पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांची 'आरसीएस' ही प्रणाली १९८२ मध्ये पुढे आली. त्या काळी डिस्क अतिशय महाग होती. साहजिकच प्रत्येक आवृत्तीची संपूर्ण प्रत ठेवणे परवडणारे नव्हते. टिची यांनी त्यावर एक मार्मिक तोड काढली. सर्वांत ताजी आवृत्ती पूर्ण ठेवायची आणि तिच्यावरून मागे जाण्यासाठी लागणारे फरक तेवढे साठवायचे. ताजी आवृत्तीच वारंवार लागते, ती चटकन मिळते. जुनी हवी असेल तर थोडा हिशेब करावा लागतो. पुढील साऱ्या चर्चेचे बीज या एका निर्णयात आहे.

३.२ जीबीचा पेच

आज सर्वाधिक वापरली जाणारी आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणजे 'गिट'. तिचा जन्म एका अडचणीतून झाला. लिनक्सच्या गाभ्याचा विकास २००२ पासून 'बिटकीपर' या खासगी प्रणालीवर चालत असे. एप्रिल २००५ मध्ये तिची मोफत सवलत बंद झाली आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांतच स्वतःची प्रणाली लिहायला घेतली.

१६ एप्रिल २००५ रोजी त्यांनी लिनक्सचा गाभा गिटमध्ये आणला, तेव्हा मागचा इतिहास मात्र जाणूनबुजून बाहेर ठेवला. त्याचे कारण त्यांनी त्या पहिल्या नोंदीतच लिहून ठेवले आहे: सारा इतिहास गिटमध्ये आणल्यास तो सुमारे ३.२ जीबी होतो आणि सुरुवातीच्या दिवसांत ती गुंतागुंत नको. वीस वर्षांनंतरही लिनक्सच्या मुख्य भांडाराचा इतिहास त्या दिवसापासूनच सुरू होतो. जागेच्या प्रश्नाने इतिहासाची सुरुवात कोठे व्हावी हे ठरवले, असे म्हणायला हरकत नाही.

त्या वेळी गिट प्रत्येक गोष्ट सुटी ठेवत असे. फाइलमधील मजकूर, फोल्डरमधील यादी आणि बदलाची नोंद (जिला 'कमिट' म्हणतात) ही प्रत्येक एक स्वतंत्र वस्तू, म्हणजे 'ऑब्जेक्ट'. मजकुरावर गणिती प्रक्रिया करून ४० अक्षरांची एक खूण काढली जाते आणि तीच त्या वस्तूचे नाव ठरते. मजकूर तोच असेल तर खूणही तीच. त्यामुळे एकच फाइल दहा ठिकाणी असली तरी ती एकदाच साठते. प्रत्येक वस्तू 'झेडलिब' या तंत्राने दाबून लहानही केली जाते.

तरीही प्रश्न उरतोच. वीस हजार अक्षरांच्या फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला, तरी खूण बदलते आणि ती फाइल अख्खी नव्याने साठते. शिवाय बहुतेक फाइल-प्रणालींमध्ये डिस्कवरील जागा ४,०९६ बाइटच्या चौकटींत वाटली जाते. दाबून ३०० बाइट झालेली वस्तूही अख्खी चौकट अडवते. अशा लाखो वस्तू झाल्या, की वाया जाणारी जागा आणि त्या उघडण्यात जाणारा वेळ, दोन्ही डोईजड होतात.

सुटे कागद, बांधलेला गठ्ठा

गिटच्या जन्मानंतर अवघ्या तीन महिन्यांच्या आत या प्रश्नाचे उत्तर आले. ते म्हणजे 'पॅकफाइल'. हजारो सुट्या वस्तू एका मोठ्या फाइलमध्ये एकामागून एक रचायच्या आणि सोबत सूचीची दुसरी फाइल ठेवायची. अमुक खुणेची वस्तू गठ्ठ्यात कितव्या बाइटपासून सुरू होते, हे सूची सांगते. सूचीतील खुणा क्रमवार लावलेल्या असल्याने शब्दकोशात शब्द शोधावा तशी हवी ती वस्तू क्षणात हाती लागते.

परंतु गठ्ठा बांधण्याची खरी करामत रचण्यात नाही, फरक साठवण्यात आहे. दोन वस्तू एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतील तर गिट त्यांपैकी एक अखंड ठेवते आणि दुसरी कशी बनवायची याच्या सूचना तेवढ्या लिहून ठेवते. सूचना दोनच प्रकारच्या असतात. पहिली: मूळ वस्तूच्या अमुक जागेपासून इतके बाइट जसेच्या तसे घ्या. दुसरी: त्यापुढे हे नवे बाइट घाला. या सूचनासंचाला 'डेल्टा' म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, २० केबीची एक फाइल आहे आणि दाबल्यावर ती ५ केबी होते. तिच्यात शंभर वेळा एकेका ओळीचा बदल झाला. सुट्या वस्तूंच्या रूपात या शंभर आवृत्त्या ५०० केबी होतील. गठ्ठ्यात मात्र एक-दोन प्रती अखंड राहतील आणि उरलेल्यांसाठी प्रत्येकी काही डझन बाइटच्या सूचना पुरतील. सारे मिळून वीस केबीच्या आत भागते. इतिहासातील एक अक्षरही त्यासाठी टाकून द्यावे लागत नाही, हे येथे महत्त्वाचे.

अर्थात या बचतीची किंमत मोजावी लागते. एखादी जुनी आवृत्ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर अवलंबून असेल, तर ती उघडताना सारी साखळी उलगडावी लागते. म्हणून गिट साखळीला मर्यादा घालते. साधारणपणे ती ५० कड्यांपलीकडे वाढू दिली जात नाही.

शेजार कसा निवडायचा?

लाखो वस्तूंपैकी कोणती कोणाशी मिळतीजुळती आहे, हे कसे ठरवायचे? प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करायची म्हटली तर दिवस पुरणार नाहीत. म्हणून गिट काही ठोकताळे वापरते. प्रथम एकाच प्रकारच्या वस्तू एकत्र आणायच्या. मग फाइलच्या नावावरून त्या जवळजवळ लावायच्या. त्यानंतर आकारानुसार, मोठी आधी आणि लहान नंतर. अशा रांगेत प्रत्येक वस्तूची तुलना फक्त जवळच्या दहा वस्तूंशी केली जाते.

मोठी आधी का, यामागचा तर्क मजेशीर आहे. आज्ञावलीच्या फाइली काळानुसार वाढत जातात. म्हणजे मोठी फाइल ही बहुधा ताजी असते. तिच्यावरून जुनी बनवायची तर बहुतेक वेळा केवळ काही भाग गाळावा लागतो आणि गाळण्याच्या सूचना घालण्याच्या सूचनांहून लहान असतात. ताजी आवृत्ती अखंड राहण्याची शक्यता वाढते, म्हणजे ती लवकर उघडते. टिची यांनी १९८२ मध्ये जे ठरवून केले, ते गिटमध्ये ठोकताळ्यातून आपोआप घडते.

हा ठोकताळा कोठे फसतो, हे दिसायला मात्र जवळपास दोन दशके लागली. मायक्रोसॉफ्टमध्ये ऑफिसच्या जावास्क्रिप्ट आज्ञावल्यांचे एक अवाढव्य भांडार आहे. ते फुगत फुगत १७८ जीबीपर्यंत गेले होते आणि युरोपातील सहकाऱ्यांना त्याची प्रत उतरवून घेणेही दुरापास्त झाले होते. कंपनीच्या अभियंत्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यामागचे कारण जाहीरपणे मांडले. गिट नावे जुळवताना फाइलच्या मार्गाची केवळ शेवटची १६ अक्षरे विचारात घेत होते. या भांडारातील अनेक पॅकेजांमध्ये बदलांची यादी ठेवणारी 'चेंजलॉग' या एकाच नावाची फाइल होती. ते नावच इतके लांब, की पॅकेजचे नाव त्या १६ अक्षरांत मावतच नव्हते. परिणामी एका पॅकेजची यादी तिच्याच जुन्या आवृत्तीशी ताडून पाहण्याऐवजी भलत्याच पॅकेजच्या यादीशी ताडली जात होती. दोहोंत साम्य नसल्याने फरकच जवळजवळ अख्ख्या फाइलएवढा होई आणि प्रत्येक बदलागणिक गठ्ठा फुगत जाई.

गिटच्या विकासातील एक प्रमुख अभियंते डेरिक स्टोली यांनी सुचवलेल्या नव्या पद्धतीने, म्हणजे पूर्ण मार्ग लक्षात घेऊन, गठ्ठे पुन्हा बांधले गेले. १७८ जीबीचे भांडार ५ जीबीवर आले. एकही फाइल पुसली गेली नाही, एकही नोंद वगळली गेली नाही. बदलला तो केवळ शेजार. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिटच्या २.४९ आवृत्तीत नावे जुळवण्याची सुधारित पद्धत सर्वांसाठी उपलब्ध झाली.

कचरा कोणता, ठेवा कोणता?

येथवरचे काम केवळ बांधाबांधीचे होते. 'गिट जीसी' ही आज्ञा त्यापुढे एक पाऊल टाकते. जीसी म्हणजे 'गार्बेज कलेक्शन', कचरा गोळा करणे. सुट्या वस्तूंचे गठ्ठे बांधणे आणि लहान गठ्ठे एकत्र करणे, याबरोबरच कोणालाच नको असलेल्या वस्तू टाकून देणे हेही तिचे काम.

ही आज्ञा दर वेळी हाताने द्यावी लागत नाही. गिट अधूनमधून स्वतःच अंदाज घेते. सुट्या वस्तू सुमारे ६,७०० च्या वर गेल्या, की बांधाबांध सुरू करायची, अशी तिची नेहमीची मर्यादा. साऱ्या वस्तू मोजण्यात वेळ जाऊ नये म्हणून ती युक्ती करते. वस्तू खुणेच्या पहिल्या दोन अक्षरांनुसार २५६ फोल्डरांत विखुरलेल्या असतात आणि ही विभागणी जवळपास समान असते. गिट त्यांपैकी '१७' नावाचे एकच फोल्डर पाहते आणि तेथील संख्येवरून एकूण अंदाज बांधते. शितावरून भाताची परीक्षा, ती हीच.

नको असलेली वस्तू कोणती, हे ठरवण्याचा निकष सरळ आहे. कोणत्याही शाखेपासून किंवा नावापासून सुरुवात करून मागे मागे गेल्यास जिच्यापर्यंत पोहोचता येत नाही, ती वस्तू निराधार. शाखा पुसली, नोंद दुरुस्त करून पुन्हा लिहिली, की जुन्या वस्तू अशा निराधार होतात.

पण निराधार म्हणजे निरुपयोगी नव्हे. घाईघाईत शाखा पुसणाऱ्या अभियंत्याला दुसऱ्या दिवशी तीच शाखा परत हवी असते. म्हणून गिट मुदत देते. आपण कोणत्या नोंदीवर कधी होतो, याची एक रोजनिशी प्रत्येकाच्या संगणकावर राहते. तिला 'रेफलॉग' म्हणतात. तिच्यातील सामान्य टिपणे ९० दिवस आणि निराधार नोंदींची टिपणे ३० दिवस टिकतात. जोवर टिपण आहे, तोवर वस्तूला आधार आहे. तो सुटल्यावरही दोन आठवड्यांहून ताजी वस्तू पुसली जात नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. जे काम कधी कमिट केलेच नाही, त्याची नोंद या रोजनिशीत नसते. ते 'गिट अॅड'पर्यंत पोहोचलेले असेल, तरच त्याला ती दोन आठवड्यांची मुदत मिळते. दुसरे असे, की सर्व्हरवरील भांडारात ही रोजनिशी सहसा चालू नसते. त्यामुळे 'सर्व्हरवर आहेच की' हा दिलासा प्रत्येक वेळी खरा ठरत नाही.

दोन आठवड्यांची मुदत आणखी एका कारणाने हवी असते. सफाई सुरू असताना त्याच क्षणी दुसरा कोणी नवी नोंद करत असेल आणि ती जुन्या निराधार वस्तूवर बेतलेली असेल, तर सफाई तिच्या पायाखालची जमीनच काढून घेईल. त्यामुळे मुदत शून्यावर आणून 'आत्ताच सारे पुसा' असा आदेश देणे, तोही अनेकांची ये-जा असलेल्या भांडारात, धोक्याचे आहे. २०२२ मधील २.३७ आवृत्तीपासून मुदतीतील निराधार वस्तूंचा वेगळा गठ्ठा बांधून ठेवण्याची सोय झाली आणि २०२३ च्या २.४१ पासून ती नेहमीची पद्धत बनली.

पासवर्ड मात्र राहतो

या मुदतीची दुसरी बाजूही आहे. एखाद्याने अनवधानाने डेटाबेसचा पासवर्ड फाइलमध्ये लिहून कमिट केला आणि पुढच्या नोंदीत तो काढून टाकला, तर तो गेला असे अनेकांना वाटते. तो जात नाही. जुनी आवृत्ती इतिहासात असतेच आणि गठ्ठ्यात सुरक्षित बांधलेलीही असते. ती खरोखर काढायची तर इतिहास नव्याने लिहावा लागतो, रोजनिशीतील टिपणे संपवावी लागतात आणि त्यानंतर सफाई करावी लागते. एवढे करूनही दुसऱ्यांनी आधीच उतरवून घेतलेल्या प्रतींत तो राहतोच. म्हणून अशा वेळी पहिले काम पासवर्ड बदलण्याचे; सफाई नंतरची.

मोठ्या घरांचे पोकळ वासे?

भांडार जितके मोठे, तितके ते नव्याने बांधणे खर्चिक. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजची आज्ञावली गिटमध्ये आणली, तेव्हा ते भांडार सुमारे ३०० जीबीचे आणि ३५ लाख फाइलींचे होते. असा सारा पसारा रोज उलगडून पुन्हा बांधणे शक्य नसते. त्यावर गेल्या काही वर्षांत तोडगे निघाले. ऑक्टोबर २०२० च्या २.२९ आवृत्तीत 'गिट मेंटेनन्स' ही आज्ञा आली. पुढे तिच्या आधारे ही कामे थोडी थोडी करून, ठरावीक वेळी, पार्श्वभूमीवर उरकता येऊ लागली. २०२१ च्या २.३२ आवृत्तीत गठ्ठे चढत्या श्रेणीत ठेवण्याची पद्धत आली. तीत लहान गठ्ठे तेवढे एकत्र केले जातात आणि मोठ्यांना हात लावला जात नाही.

सगळ्यावर उतारा एवढ्याने होत नाही. छायाचित्रे, चित्रफिती, संकुचित फाइली यांच्यात फरकाचे तंत्र फारसे चालत नाही. त्या आधीच दाबलेल्या असतात आणि किंचित बदलानेही त्यांचे बाइट सर्वत्र बदलतात. अशा फाइली भांडाराबाहेर ठेवून आत केवळ त्यांचा पत्ता नोंदवणारी 'गिट एलएफएस' ही सोय गिटहबने २०१५ मध्ये आणली, ती याच कारणाने.

काळजी कोणती घ्यावी?

सामान्य वापरकर्त्याला फार काही करावे लागत नाही. गिट आपली सफाई आपण करते. भांडार मंदावल्यासारखे वाटले तर 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स' या आज्ञेने सुट्या वस्तू आणि गठ्ठे यांचा हिशेब पाहावा आणि 'गिट जीसी' एकदा चालवावी. 'अॅग्रेसिव्ह' हा कसून दाबण्याचा पर्याय शेजारची तुलना दहावरून २५० वस्तूंपर्यंत नेतो. त्यात वेळ पुष्कळ जातो. तो नित्यनेमाने वापरण्याचा नव्हे.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी मात्र तीन पथ्ये पाळावीत. पहिले, डिस्क काठोकाठ भरण्याची वाट पाहू नये. नवा गठ्ठा पूर्ण लिहून झाल्यावरच जुना पुसला जातो, म्हणून काही काळ दोघांनाही जागा लागते; ती नसेल तर जागा वाचवण्याचे कामच जागेअभावी अडते. दुसरे, गठ्ठ्याच्या फाइली हाताने पुसू नयेत. एका गठ्ठ्यात साऱ्या प्रकल्पाचा इतिहास असू शकतो.

तिसरे पथ्य सर्वांत मोलाचे. बांधाबांधीपूर्वी वेगळी आणि तपासलेली प्रत असावी. मार्च २०१३ मध्ये 'केडीई' या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मुख्य सर्व्हरवरील फाइली बिघडल्या आणि आरशासारख्या हुबेहूब नक्कल करणाऱ्या इतर सर्व्हरांनी तो बिघाडही इमानेइतबारे उचलला. सुमारे १,५०० भांडारे धोक्यात आली होती. सुदैवाने एका सर्व्हरवर शाबूत प्रत सापडली आणि काम वाचले. नक्कल म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, हा त्यातला धडा. प्रत्येक वस्तूची खूण तिच्या मजकुरावरून काढलेली असल्याने बिघाड ओळखता येतो, पण त्यासाठी 'गिट एफएससीके' ही तपासणी कोणीतरी वेळोवेळी चालवावी लागते.

लिनक्सच्या गाभ्यातील नोंदींनी २०२० मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. तरीही तो सारा इतिहास आज कोणीही विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ शकतो आणि वीस वर्षांपूर्वीची एखादी ओळ कोणी का बदलली, हे पाहू शकतो. ज्या आकाराला बिचकून २००५ मध्ये जुना इतिहास बाहेर ठेवावा लागला, त्याहून मोठा इतिहास आता घरोघरच्या संगणकांवर मावतो. डिस्क स्वस्त झाली हे त्याचे एक कारण. पण नीट बांधलेले दप्तर हे त्याहून मोठे.